‘तेनेर’चा तक्ता असा छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाने खान्देशातल्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी भाषांचे सदर सुरू केले, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांत स्पॅनिशचे नाव आहे. वीस देशांची ती राजभाषा आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना तर ती विशेष उपयोगाची, कारण जगात सर्वांत जास्त केळी निर्यात करणारा इक्वेडोर हा देश स्पॅनिश बोलतो. कोलंबिया आणि कोस्टा रिकाही बोलतात. केळीच्या लागवडीवर आणि करप्यावर तिकडे जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे याच भाषेत असते. म्हणून सदर चालू राहावे आणि चांगले व्हावे, या इच्छेने हे पत्र लिहीत आहोत.

तक्रार एकाच गोष्टीची आहे. ‘तेनेर’ (जवळ असणे, बाळगणे) या क्रियापदाचा अख्खा तक्ता सदरात एका चौकटीत छापला आणि खाली ‘रोज सहा रूपे पाठ करा’ अशी सूचना दिली. सात रकाने, प्रत्येकात सहा रूपे, म्हणजे बेचाळीस. असा तक्ता घोकणारा विद्यार्थी परीक्षेत रकाना भरतो, पण समोरच्याने ‘तुझ्याकडे वेळ आहे का?’ असे स्पॅनिशमध्ये विचारले की गप्प होतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही. तक्ता ज्या क्रमाने मांडला, त्या क्रमाने ते क्रियापद चालतच नाही.

तेनेर अनियमित आहे हे खरे, पण अनियमित म्हणजे बेबंद नव्हे. या बेचाळीस रूपांच्या मुळाशी धातूची फक्त पाच रूपे आहेत: तेन, त्येन, तेंग, तुव आणि तेंद्र. त्यांची वाटणी अशी. ‘तेन’वर आठ रूपे उभी आहेत, ‘त्येन’वर तीन, ‘तेंग’वर सात, ‘तुव’वर बारा आणि ‘तेंद्र’वर बारा. बेरीज बेचाळीस. (आज्ञार्थ, कृदंते आणि संयुक्त काळ यात धरलेले नाहीत.) ही पाच रूपे आणि ती कुठे लागतात एवढे कळले की उरलेले काम प्रत्ययांचे. प्रत्यय एकदा शिकले की इतर शेकडो क्रियापदांना तेच लागतात. फक्त ‘तुव’चे प्रत्यय थोडे वेगळे आहेत, ते पुढे येईलच.

सुरुवात वर्तमानकाळापासून करू. तेंगो, त्येनेस, त्येने, तेनेमोस, तेनेइस, त्येनेन. म्हणजे मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. यात ‘त्ये’ कुठे येतो आणि ‘ते’ कुठे, हे पाठ करायचे कारणच नाही, कारण त्यामागे नियम आहे: बोलताना जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते पाहा. जोर धातूवर पडला की ‘ते’चा ‘त्ये’ होतो: त्ये-नेस, त्ये-ने, त्ये-नेन. जोर पुढे प्रत्ययावर सरकला की धातू मूळचाच राहतो: ते-ने-मोस, ते-नेइस. आपल्या मराठीत ‘फूल’चे ‘फुलाला’ आणि ‘वीट’चे ‘विटेला’ होते, तिथेही पुढे प्रत्यय लागला की मागचा स्वर आखडतो. त्या नियमात आणि या नियमात फार अंतर नाही. नियम किती पक्का आहे ते अर्जेंटिनात दिसते. तिथे ‘तू’साठी ‘बोस’ हे सर्वनाम वापरतात आणि त्याचे रूप ‘तेनेस’ होते. जोर शेवटच्या ‘नेस’वर, म्हणून ‘त्ये’ नाही. राहता राहिला ‘तेंगो’. इथे जोर धातूवरच आहे, पण ‘ग’ शिरला की ‘त्ये’ येत नाही. हा ‘ग’ घेणारी एक मोठी टोळीच आहे: बेनिरचे बेंगो, पोनेरचे पोंगो, सालिरचे साल्गो, आसेरचे आगो, देसिरचे दिगो. यांतली चार-पाच एकत्र शिकवली तर ‘तेंगो’ एकटा अपवाद वाटत नाही.

उच्चाराबद्दल एक आग्रह आहे. सदरात तेनेर ‘टेनर’ असे छापले होते. स्पॅनिश ‘त’ म्हणजे आपला दंत्य ‘त’च. जीभ दाताला लागते आणि श्वासाचा झोत सुटत नाही. धुळ्याचा किंवा शहाद्याचा मुलगा तो पहिल्याच दिवशी अचूक म्हणू शकतो, इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र त्यासाठी कष्ट पडतात. आपल्याकडे जे आयते आहे ते इंग्रजीच्या वळणाने जाऊन का घालवायचे? तसेच ‘त्येने’ दोन अक्षरांत म्हणायचे. ‘ति-ए-ने’ अशी तीन अक्षरे केली की जोर ‘ए’वर जातो आणि ऐकणारा अडखळतो. ‘तुव’मधला ‘व’ दोन्ही ओठ जवळ आणून, पण पूर्ण न मिटता काढायचा. ‘ब’ आणि ‘व’ यांच्या मधला तो आवाज आहे. वरच्या दातांनी खालचा ओठ दाबायचा नाही.

आता सर्वांत मोठी अडचण. ती तक्त्यातून कधीच दिसत नाही, कारण ती रूपाची नसून वाक्याची आहे. ‘घडाला आठ फण्या आहेत’ हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये केळीच्या घडाला रासिमो म्हणतात आणि फणीला मानो, म्हणजे हात. बरोबर वाक्य होते, ‘एल रासिमो त्येने ओचो मानोस.’ आपले विद्यार्थी हमखास ‘त्येनेन’ लिहितात. का? मराठीत क्रियापद फण्यांच्या मागे जाते. फण्या अनेक, म्हणून ‘आहेत’. घड बिचारा ‘घडाला’ होऊन बाजूला बसतो. स्पॅनिशमध्ये ज्याच्याकडे वस्तू आहे तोच कर्ता आणि क्रियापद त्याच्याच तालावर चालते. घड एक, म्हणून ‘त्येने’. फण्या आठ असोत की बारा. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचेही तसेच: ‘तेंगो दोस एर्मानोस’. इथे ‘मला’ शोधायला गेले की ‘आ मी त्येने’ असले काहीतरी तयार होते, आणि ते चूक आहे. ‘माझ्याकडे’, ‘मला’, ‘माझे’ हे सगळे एका ‘तेंगो’त आले. वर ‘यो’ लावायचीही गरज नाही, कारण ‘गेलो होतो’ म्हटल्यावर जसे ‘मी’ लागत नाही तसेच ‘तेंगो’तच मी आहे. म्हणून तक्ता देण्याआधी अशी पाच-सहा वाक्ये द्यावीत आणि प्रत्येक वाक्यात आधी ‘कोणाकडे?’ हा प्रश्न विचारून उत्तराखाली रेघ ओढायला लावावी. क्रियापद त्या रेघेशी जुळवायचे. हा सराव चार दिवस केला तरी पुष्कळ चुका आपोआप गळतात.

दुसरी अडचणही मराठीच्याच सवयीतून येते. आपण विचारतो, ‘वेळ आहे का?’ उत्तर येते, ‘आहे.’ प्रश्नातले क्रियापद जसेच्या तसे परत येते. म्हणून ‘त्येनेस त्येम्पो?’ या प्रश्नाला विद्यार्थी ‘सी, त्येनेस’ म्हणून मोकळा होतो, म्हणजे ‘हो, तुझ्याकडे आहे’! यावर उपाय तिघांचा सराव. पहिल्याने विचारायचे, ‘त्येनेस त्येम्पो?’ दुसऱ्याने सांगायचे, ‘नो, नो तेंगो त्येम्पो.’ तिसऱ्याने पहिल्याकडे वळून सांगायचे, ‘नो त्येने त्येम्पो.’ मग जागा बदलायच्या. पुढे प्रश्न दोघांना मिळून विचारायचा, ‘त्येनेन उस्तेदेस त्येम्पो?’ आणि उत्तर, ‘नो, नो तेनेमोस.’ दहा मिनिटांत पाचही रूपे तोंडातून अनेकदा जातात, आणि तीही अर्थासकट. वर्गात चाळीस मुले असली तरी तिघा-तिघांचे गट करून हे जमते. त्यासाठी फळ्याचीसुद्धा गरज नाही.

‘पाच’ म्हणालो, सहा नव्हे. ‘तेनेइस’ हे ‘बोसोत्रोस’चे रूप स्पेनमध्ये चालते. लॅटिन अमेरिकेत अनेकांशी बोलताना सगळीकडे ‘उस्तेदेस त्येनेन’च म्हणतात. ज्याला इक्वेडोर-मेक्सिकोशी काम आहे त्याने ‘तेनेइस’ ओळखता येईल एवढेच शिकावे, त्यावर वेळ खर्च करू नये. आदरार्थी ‘उस्तेद’ जरा जपून. आपले ‘तुम्ही’ अनेकवचनी क्रियापद घेते म्हणून ‘उस्तेद त्येनेन’ म्हणावेसे वाटते, पण एका माणसाला ‘उस्तेद त्येने’ असेच म्हणायचे. ‘तू’ मात्र आपल्या ‘तू’सारखाच, उच्चारानेही.

भूक, तहान, थंडी, भीती, घाई, वय हे सारे स्पॅनिशमध्ये तेनेरवर चालते. तेंगो आंब्रे, तेंगो सेद, तेंगो फ्रीओ, तेंगो म्येदो, तेंगो प्रिसा, तेंगो बेइन्ते आन्योस. शेवटच्याचा अर्थ ‘मी वीस वर्षांचा आहे’. इंग्रजीतून शिकवले की मुले इथे ‘असणे’चे क्रियापद घालतात आणि ‘सोय आंब्रे’ म्हणतात, म्हणजे ‘मी भूक आहे’. घरी अहिराणीत ‘माले भूक लागनी’ म्हणणाऱ्या मुलाला मधल्या इंग्रजी वाक्याचा काहीच उपयोग नाही. त्याला थेट सांगावे की भूक ‘लागत’ नाही, ती जवळ ‘असते’. जिथे घरची बोली अहिराणी, लेवा, भिली किंवा पावरी आहे, तिथे स्पॅनिश समजावताना इंग्रजीची पायरी गाळली तर निम्मा गोंधळ टळतो, असे आमचे ठाम मत आहे. इंग्रजीच्या वाटेने आणखी एक चूक येते. ‘मी जेवलो आहे’ यासाठी मुले ‘तेंगो कोमिदो’ म्हणतात. तिथे ‘आबेर’ हे निराळे क्रियापद लागते, ‘ए कोमिदो’. तेनेर तिथे चालत नाही.

‘लागणे’ मात्र दुसऱ्या ठिकाणी कामाला येते. ‘मला भुसावळला जावे लागेल’ हे ‘तेंगो के इर आ भुसावळ’. तेनेर, मग ‘के’, मग दुसरे क्रियापद मूळ रूपात. चुका दोन ठिकाणी होतात: ‘के’ गळतो, किंवा दुसरे क्रियापदही चालवले जाते आणि ‘तेंगो के बोय’ होते. चालवायचे फक्त तेनेर, दुसऱ्याला हात लावायचा नाही. रोजच्या बोलण्यात या रचनेचा उपयोग इतका आहे की ती वर्तमानकाळाबरोबरच, पहिल्या पंधरवड्यात शिकवावी. सदराने ती नवव्या भागावर ढकलली आहे.

भूतकाळ दोन आहेत आणि तिथे खरी परीक्षा लागते. ‘तेनीआ’ पूर्ण नियमित आहे: तेनीआ, तेनीआस, तेनीआ, तेनीआमोस, तेनीआइस, तेनीआन. त्यात शिकायचे एवढेच की ‘नी’वर जोर द्यायचा आणि लिहिताना त्या स्वरावर तिरकी रेघ काढायची. रेघ विसरली तर शब्द ‘तेन्या’ होतो, आणि तेन्या म्हणजे पोटातला पट्टकृमी. मोबाइलवर तो स्वर दाबून धरला की रेघेचे अक्षर वर येते, तेव्हा टंकलेखनाची सबब चालणार नाही. आपल्या सदरात मात्र एकाही रूपावर रेघ नव्हती.

दुसरा भूतकाळ: तुवे, तुविस्ते, तुवो, तुविमोस, तुविस्तेइस, तुव्येरोन. इथे ‘तुव’ कुठून आला हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जाणे’चे ‘गेला’ आणि ‘करणे’चे ‘केले’ दाखवावे. मराठी मूल ते तक्त्याशिवाय शिकले, कारण ती रूपे दिवसभर कानावर पडतात. बिघाड होतो तो जोरात. नियमित क्रियापदांत ‘मी’ आणि ‘तो’ या रूपांचा जोर शेवटी असतो: कोमेर (खाणे) याचे को-मी, को-म्यो. तुवेच्या गटात तो धातूवर येतो: तु-वे, तु-वो. म्हणून यांच्यावर तिरकी रेघ नसते. विद्यार्थी ‘तु-वो’चा शेवट उचलून धरतात, ते कानाला खटकते. एस्तारचे एस्तुवे, आंदारचे आंदुवे, पोदेरचे पुदे, पोनेरचे पुसे, साबेरचे सुपे, आसेरचे इसे या सगळ्यांना हेच प्रत्यय आणि हाच जोर. एवढे लक्षात आले की एका तासात सहा-सात क्रियापदे होतात.

कोणता कधी वापरायचा? ‘तेनीआ’ म्हणजे त्या वेळी होते, चालू होते. ‘तुवो’ म्हणजे झाले, घडले, मिळाले. वय सांगताना ‘तेनीआ’च हवे: ‘तेनीआ बेइन्ते आन्योस’, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. ‘तुवो उना इदेआ’, त्याला कल्पना सुचली. फरक सर्वांत स्पष्ट होतो तो ‘के’ बरोबर. ‘तुवे के इर’ म्हणजे मला जावे लागले आणि मी गेलो. ‘तेनीआ के इर’ म्हणजे मला जायचे होते. गेलो की नाही ते वाक्यातून कळत नाही. पत्रव्यवहारात हा फरक चुकला तर माल गेला की जायचा होता, यावरच गैरसमज होईल.

भविष्यकाळ त्या मानाने सोपा. तेनेरला ‘ए’ हा प्रत्यय लागला, मधला स्वर गळाला, ‘न’ आणि ‘र’ समोरासमोर आले, आणि तोंडाला सोपे जावे म्हणून मध्ये ‘द’ शिरला: तेंद्रे. संस्कृत ‘वानर’चा आपण ‘वांदर’ केला, तो याच कारणाने. तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा, तेंद्रेमोस, तेंद्रेइस, तेंद्रान. ‘तेंद्रेमोस’ सोडून सगळ्यांवर रेघ. ‘(तर) माझ्याकडे असते’ या अर्थाचे तेंद्रीआ वगैरे सहा याच धातूवर, शेवट तेनीआसारखे.

‘तेंगा’ची रूपे (‘असावे’, ‘असो’ या अर्थाची) तेंगोचा ‘ओ’ काढून ‘आ’ लावून होतात: तेंगा, तेंगास, तेंगा, तेंगामोस, तेंगाइस, तेंगान. ‘घाबरू नकोस’ म्हणजे ‘नो तेंगास म्येदो’. होकारार्थी आज्ञा मात्र एकाक्षरी ‘तेन’: ‘तेन क्विदादो’, जपून. ‘तुव्येरोन’मधला ‘रोन’ काढून ‘रा’ लावला की ‘तुव्येरा’. पहिल्या वर्षी हा भाग वाचताना ओळखता आला तरी पुरे. सदराने तो पहिल्याच चौकटीत घातला, ती घाई झाली.

तेनेर नीट बसला की त्याचे कुटुंबही हाती येते: मान्तेनेर (राखणे), ओब्तेनेर (मिळवणे), कोन्तेनेर (सामावणे), देतेनेर (थांबवणे), सोस्तेनेर (तोलून धरणे). सगळे तेनेरसारखेच चालतात: ओब्तेंगो, ओब्त्येने, ओब्तुवे, ओब्तेंद्रे. इथे शिकणारे ‘ओब्तेनी’, ‘देतेन्यो’ अशी नियमित रूपे बनवतात, कारण शब्दाच्या पोटातला तेनेर त्यांना दिसत नाही. आज्ञार्थात ‘तेन’वर रेघ नाही, पण ‘मान्तेन’, ‘देतेन’ यांच्या शेवटच्या स्वरावर आहे. शब्द दोन अक्षरांचा झाला आणि जोर शेवटी आला, म्हणून.

तेव्हा विनंती अशी. तक्ता काळांच्या रकान्यांत न छापता धातूच्या पाच रूपांच्या रकान्यांत छापावा आणि जोराचे अक्षर ठळक करावे. रोमन रूप रेघांसह द्यावे, शेजारी देवनागरी उच्चार ‘त’ने लिहावा. पहिल्या भागात फक्त वर्तमानकाळाची पाच रूपे, भूक-तहान-वय आणि ‘के’ची रचना. दोन्ही भूतकाळ शेजारी शेजारी, एकाच भागात. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याचा स्वतंत्र भाग असतो, म्हणून शिक्षकांनीही लेखी चाचणीबरोबर तिघांच्या सरावावर गुण ठेवावेत.

पुढच्या आठवड्यात सदरात वर्णक्रमाने पुढचे क्रियापद येणार असे छापले आहे. त्याऐवजी ‘बेनिर’ (येणे) घ्यावे. बेंगो, ब्येनेस, ब्येने, बेंद्रे, आज्ञार्थी ‘बेन’ अशी त्याची जवळजवळ सगळी चाल तेनेरची आहे. फरक दाखवायचे ते तीन: भूतकाळ ‘बिने’, कृदंत ‘बिन्येन्दो’, आणि ‘आम्ही येतो’ हे ‘बेनिमोस’ तर ‘आम्ही आलो’ हे ‘बिनिमोस’. शेवटच्या जोडीत मुले हमखास गडबडतात, म्हणून ती चौकटीत द्यावी.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार येथे स्पॅनिश शिकवणारे काही शिक्षक